पाककृतीत न लिहिलेले ‘का?’

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाले. वाटी आणि चमचा ही घराघरांतली मापे वापरून त्यांनी पदार्थ शिकवले, हे या पुस्तकाचे मोठे यश. मुलांना स्वयंपाकात सामील करून घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी ते एकदा विज्ञानाच्या नजरेने वाचून पाहावे. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही ध्यानात येतील.

प्रथम सामर्थ्य. वाटी हे काही प्रमाणित एकक नव्हे. दोन घरांतल्या वाट्या सारख्या नसतात. तरीही भात बिघडत नाही, कारण तेथे महत्त्व असते गुणोत्तराला. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, मग वाटी कोणतीही असो. मात्र वाटी आकारमान मोजते, वस्तुमान नव्हे. एक वाटी रवा आणि एक वाटी पोहे तराजूत तोलून पाहिले, की हा फरक मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

आता मर्यादा. पाककृती ‘काय करावे’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. आमटीत चिंच डाळ शिजल्यावर घालतात. आधी घातली तर काय होईल? दोन सारख्या पातेल्यांत समान डाळ व समान पाणी घ्यावे, एकात थोडी चिंच घालावी आणि सारख्याच आचेवर ठेवावे. दर दहा मिनिटांनी चार दाणे चमच्याने काढून, गार करून मुलांनी बोटांनी दाबून पाहावेत. चिंचेतली डाळ बराच वेळ कडक राहते. डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहजी विरघळत नाही, हे त्याचे प्रमुख कारण. हे समजलेले मूल आमसूल किंवा टोमॅटो घालतानाही विचार करील. (विस्तवाजवळ मोठे माणूस हवेच, आणि मुले म्हणजे मुलगे व मुली दोघेही.)

पाककृतीच्या पुस्तकाकडून कारणमीमांसेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. रोजच्या स्वयंपाकापुरते ते मान्य. पण मुलाच्या हाती नुसती कृती दिली, तर ते सांगितलेले पाळायला शिकते, विचारायला नाही.

खरे तर हा दोष एकट्या पाकपुस्तकांचा नाही. आपल्या प्रयोगवह्याही पाककृतींसारख्याच असतात: साहित्य, कृती आणि आधीच ठरलेला निष्कर्ष. त्यातही स्वयंपाकघर एका बाबतीत प्रयोगशाळेहून सरस ठरते. डाळ शिजली नसेल, तर वहीत ‘शिजली’ असे लिहून तेथे भागत नाही.