पाचर आणि माणूस : पेंग्विनदर्शनातील सादृश्यविचार

प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसतो तो कोणीतरी मांडलेला दिसतो. तो किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, कोणत्या नावाने आणि काय करीत असताना दिसावा, याविषयी कोणीतरी आधी निर्णय घेतलेले असतात. जेथे निर्णय आहेत तेथे अर्थ आहे, आणि जेथे अर्थ आहे तेथे समीक्षेस वाव आहे. या भूमिकेवरून प्रस्तुत लेखात पेंग्विन या एकाच पक्ष्याच्या दर्शनाचा विचार करावयाचा आहे. या पक्ष्याची निवड सहेतुक आहे. मोर पाहताना प्रेक्षक मोर पाहतो. पेंग्विन पाहताना मात्र तो बहुधा माणूस पाहतो. हे असे का होते, आणि त्यात पक्ष्याचे काय होते, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

आरंभ नावापासूनच करावा लागतो. ‘पेंग्विन’ हा शब्द मूळचा या पक्ष्याचा नाही. उत्तर अटलांटिक महासागरात ‘ग्रेट ऑक’ नावाचा, काळ्या पाठीचा व पांढऱ्या पोटाचा, उडता न येणारा एक मोठा पक्षी होता. खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. पुढे हेच खलाशी दक्षिण गोलार्धात गेले, तेथे त्यांना तशाच ठेवणीचा दुसरा पक्षी आढळला, आणि केवळ सादृश्यावरून त्यांनी जुने नाव नव्या पक्ष्यावर लादले. वस्तुतः या दोन कुळांत जवळचे नाते नाही. मूळ धनी मांसासाठी व पिसांसाठी मारला गेला. त्याची अखेरची ज्ञात जोडी १८४४ साली आइसलंडजवळील एल्डे बेटावर ठार झाली. पक्षी नष्ट झाला, नाव मात्र उसन्या घरी सुखाने नांदत राहिले. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत, परंतु त्याच्या स्थलांतराविषयी नाहीत. नाव पक्ष्याहून दीर्घायुषी असू शकते, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी.

इतर भाषांनी काय केले, हे पाहणेही उद्बोधक आहे. फ्रेंच शास्त्रीय परिभाषेत ‘पँग्वँ’ हे नाव आजही ऑक कुळाकडेच राहिले असून दक्षिणेकडील पक्ष्यास ‘मांशो’, म्हणजे हाताने थोटा, असे म्हणतात. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, जेथे हा पक्षी प्रत्यक्ष राहतो तेथे, स्पॅनिश भाषेत त्याचे एक नाव ‘मूलपक्षी’ अशा अर्थाचे आहे. एका भाषेला त्याच्यात थोटा माणूस दिसला, दुसरीला लहान मूल दिसले. याला अपवाद ग्रीकवरून बनविलेल्या शास्त्रीय नामाचा. हम्बोल्ट पेंग्विन ज्या प्रजातीत मोडतो तिचे नाव ‘स्फेनिस्कस’, म्हणजे लहानशी पाचर. हे नाव देणाऱ्याने पक्ष्याची आकृती पाहिली, चाल पाहिली नाही. पाण्यात शिरणारे, दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे ते शरीर खरोखरच पाचरीसारखे आहे. तेव्हा एकाच पक्ष्याकडे पाहण्याच्या दोन रीती भाषेत आधीच सिद्ध आहेत: जमिनीवरचा माणूस आणि पाण्यातील पाचर.

आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘पेंग्विन माणसासारखा चालतो’ येथवर उपमा आहे. तीत उपमेय शाबूत असते. परंतु जेव्हा उपमान उपमेयास गिळून टाकते, तेव्हा ती अतिशयोक्ती होते. काव्यात असे निगरण शोभादायक असते, कारण तेथे गिळल्या गेलेल्या उपमेयास इजा होत नाही. प्राणिगृहात ती होऊ शकते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील १९३४ सालचा पेंग्विन-तलाव. बर्थोल्ड ल्युबेटकिन व त्याच्या ‘टेक्टॉन’ या मंडळाने तो रचला. अभियांत्रिकीची बाजू ओव्ह अरूप याने सांभाळली. लंबवर्तुळाकार तलावावर, मध्ये कोठेही खांबाचा आधार न घेता, पांढऱ्या काँक्रीटचे दोन उतार एकमेकांभोवती वळत खाली येतात. विसाव्या शतकातील स्थापत्याचा हा एक मान्यवर नमुना असून इंग्लंडमध्ये त्यास प्रथम श्रेणीचे संरक्षण आहे. ल्युबेटकिनने आपले प्रयोजन लपविले नाही. प्राण्यास निसर्गाची नक्कल करून ठेवण्याच्या पद्धतीहून वेगळी, भूमितीवर आधारलेली पद्धत त्याने पुरस्कारिली आणि तिच्या परिणामाची तुलना सर्कशीशी केली. त्या उतारांवरून पक्षी एकामागून एक चालत येई, तेव्हा तो रंगमंचावरील नट वाटे. कृती म्हणून ही रचना निर्दोष आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिचा दोष वेगळा आहे: तीत पक्ष्याला चालणे हीच मुख्य क्रिया नेमून दिली आहे, आणि चालणे हेच त्या पक्ष्याचे सर्वांत दुबळे अंग आहे. पुढे काँक्रीटवर वावरून पक्ष्यांच्या तळपायांस इजा व संसर्ग होऊ लागल्याचे आढळले. मूळचा पृष्ठभाग नंतरच्या डागडुजीत बदलला होता, हा रचनेच्या चाहत्यांचा प्रतिवाद विचारार्ह आहे. तथापि २००४ साली पक्षी तेथून हलविले गेले ते कायमचेच, आणि २०११ साली त्याच आवारात वाळूचा किनारा, घरटी व मोठा जलाशय असलेले नवे स्थान त्यांच्यासाठी तयार झाले. तेथे काचेतून पाण्याखालचा पक्षी पाहता येतो. माणूस दाखविणारी वास्तू रिकामी झाली. पाचर दाखविणारी वास्तू उभी राहिली.

एडिंबरो येथील उदाहरण याहून सौम्य, पण तितकेच बोलके आहे. तेथे १९५१ साली फाटक चुकून उघडे राहिले, पेंग्विन बाहेर आले, आणि त्यातून त्यांच्या मिरवणुकीची प्रथा पडली. १९७२ साली नॉर्वेच्या राजरक्षक दलाने तेथील एका किंग पेंग्विनास आपले मानचिन्ह म्हणून स्वीकारले व ‘निल्स ओलाव्ह’ हे नाव दिले. पुढे त्यास बढत्या मिळत गेल्या. २००८ साली ‘सर’ हा किताब, २०२३ साली मेजर जनरलचे पद. हे सारे एकाच पक्ष्याने भोगले नाही. एक मरण पावला की नाव व हुद्दा दुसऱ्याकडे जातो. विनोद निर्विष आहे, हे खरे. परंतु जो चिरंजीव झाला तो पक्षी नसून हुद्देदार आहे, हेही तितकेच खरे.

आता मुंबईकडे वळू. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांतील एक त्याच वर्षी दगावला. २०१७ च्या मार्चपासून उरलेल्यांचे दर्शन सर्वांस खुले झाले. या पक्ष्यांत डोनाल्ड आणि डेझी, पॉपाय आणि ऑलिव्ह अशा जोड्या होत्या. म्हणजे ज्या व्यंगचित्रातील बदकास आधीच माणसाचा सदरा चढविला होता, त्याचे नाव पेंग्विनास मिळाले: एका अतिशयोक्तीवर दुसरी अतिशयोक्ती. नर व मादी यांत डोळ्यांना जाणवणारा भेद या पक्ष्यांत जवळजवळ नाही. तो भेद प्रेक्षकासाठी या नावांनी निर्माण केला. २०२५ साली येथील पिलांना मराठी नावे द्यावीत, अशी मागणी जाहीरपणे झाली. भाषाभिमान म्हणून ती समजण्याजोगी आहे, पण तिने पक्ष्याचा सदरा तेवढा बदलेल.

मुंबईतील दर्शनात आणखी एक शब्द प्रेक्षकाच्या मनात न बोलता उपस्थित असतो, तो म्हणजे ‘बर्फ’. बाहेरच्या दमट उकाड्यातून थंड केलेल्या दालनात आल्यावर या शब्दास पुष्टीच मिळते. वास्तविक त्या दालनाचे तापमान सोळा ते अठरा अंश सेल्सियसच्या आसपास राखले जाते. या अंशांवर बर्फ टिकत नाही. हम्बोल्ट पेंग्विन हिमप्रदेशाचा रहिवासी नाहीच. अटाकामा वाळवंट जेथे समुद्रास भिडते त्या रुक्ष किनाऱ्याचा तो रहिवासी होय. समुद्र तेवढा थंड, आणि त्या थंड प्रवाहासही हम्बोल्टचेच नाव. चोचीच्या मुळाशी दिसणारी गुलाबी उघडी कातडी ही शोभा नसून उष्णता बाहेर टाकण्याची सोय आहे. प्रेक्षक ती पाहतो, परंतु ‘बर्फ’ हा शब्द मनात असल्यामुळे तिचा अर्थ त्यास लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट तर कोणत्याच काचेतून दिसत नाही. हा पक्षी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या, म्हणजे ग्वानोच्या, जाड थरांत बिळे खणून अंडी घालतो. एकोणिसाव्या शतकात खतासाठी हे थर खडकापर्यंत खरवडून नेले गेले आणि बिळांची जागाच नाहीशी झाली. एल निन्योच्या वर्षी मासे दूर जातात तेव्हा उपासमारही होते. आज हा पक्षी धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. बीळ हे लपण्यासाठीच असते; म्हणून जी रचना केवळ दर्शनासाठी आहे, तीत पक्ष्याच्या आयुष्याचा हा गाभा वगळला जाणे अटळ आहे. जे दाखविता येत नाही ते सांगावे लागते, आणि येथे भाषेचे काम सुरू होते.

सादृश्यास हद्दपार करावे, असा येथे आग्रह नाही. ‘अगदी माणसासारखा!’ हे मुलाचे पहिले वाक्य असणारच, आणि त्या वाक्याच्या ओढीनेच रांग लागते. प्रश्न एवढाच की दालनातून बाहेर पडताना त्याच्यापाशी दुसरे वाक्य असते की नाही. पेंग्विनदर्शनाच्या रचनेची कसोटी हीच मानावी. काचेआडच्या पाण्यात पाचर दिसते तेथे अर्धे काम रचनेने केलेले असते. उरलेले अर्धे, म्हणजे वाळवंटाचा किनारा, खरवडलेले थर, हरवलेले बीळ आणि उसन्या नावाचा मेलेला मूळ धनी, हे स्वच्छ मराठीत भिंतीवर लिहिणे एवढेच आहे. त्या पिलांना मराठी नावांपेक्षा अशा चार मराठी वाक्यांची गरज अधिक आहे.