पाळण्यातला सूर्य

बारशाला बाळाच्या कानात सांगितलं जाणारं नाव ही एका शब्दाची कविता असते. ती रचणारे आईवडील किंवा आत्या स्वतःला कवी म्हणवत नाहीत, पण निवड कवीचीच करतात. सूर्यावरून ठेवलेल्या नावांत ही निवड फार स्पष्ट दिसते, कारण विषय जगभर एकच आहे. आकाशातला सूर्य सगळ्यांचा सारखा. त्याच्याशी नातं मात्र प्रत्येक समाजानं आपापल्या परीनं जोडलं. कुणाला त्याचं काम भावलं, कुणाला त्याचा जन्म, कुणाला त्याची मैत्री. सूर्यनावांची खरी गोडी मला या नात्यांत वाटते.

मराठी मुलांना ही नावं बहुधा व्यायामातून पाठ होतात. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रसार केला, त्यात प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एक नाव येतं: मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. या बारांपैकी रवी, आदित्य आणि भास्कर घरोघर रुजले. सूर्य आणि भानू यांना सोबतीला बहुधा दुसरा शब्द लागला आणि सूर्यकांत, भानुदास अशी नावं झाली. पैठणच्या एका घराण्यात तर पणजोबा भानुदास आणि पणतवाचे वडील सूर्यनारायण. तो पणतू म्हणजे संत एकनाथ. एका पिढीनं सूर्याचं दास्य पत्करलं आणि पुढच्या एका पिढीनं थेट देवाचं नाव मुलाला दिलं. एकाच घरात भक्तीच्या या दोन तऱ्हा नांदल्या.

भास्कर, दिनकर, दिवाकर, प्रभाकर ही सगळी ‘कर’वाली नावं सूर्याला कामावरून ओळखतात. प्रकाश करणारा, दिवस करणारा, प्रभा करणारा. इथे सूर्य सिंहासनावर बसलेला नाही, रोजच्या कामाला लागलेला आहे. शिवाय संस्कृतात ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे किरणही. त्यामुळे ही नावं उच्चारताना किरणांचे हात डोळ्यांपुढे येतात. नेमकं हेच चित्र इजिप्तमध्ये दगडात कोरलेलं आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात अखेनातेन राजानं अतेन या सूर्यबिंबाची उपासना इतर सर्व देवांच्या वर ठेवली. त्याच्या काळच्या शिल्पांत बिंबातून निघालेल्या प्रत्येक किरणाच्या टोकाला छोटासा हात आहे, आणि काही हात राजाराणीच्या नाकाशी जीवनाचं चिन्ह धरतात. दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता किरणाला हात दिले, याचा मला मोठा आनंद वाटतो.

त्याच राजघराण्यातला एक मुलगा तुतानखातेन म्हणून वाढला. या नावाचा अर्थ अतेनची जिवंत प्रतिमा. पुढे अतेनची उपासना मागे पडली, अमुन या देवाचे पुजारी पुन्हा बलवान झाले आणि मुलाचं नाव तुतानखामुन झालं. जग त्याला आज याच नावानं ओळखतं. राजाच्या नावातला सूर्य राजकारणानं मावळतो. शेतकऱ्याच्या घरातल्या दिनकरावर मात्र ही पाळी येत नाही, कारण त्याच्या नावाला कुठल्याही सत्तेचा टेकू नसतो.

आता अरुण आणि मार्तंड. दोन्ही नावांमागे एक अंडं आहे आणि एका आईची घालमेल आहे. महाभारताच्या आदिपर्वात विनतेला दोन अंडी होतात. सवत कद्रूची हजार पिल्लं बाहेर आलेली पाहून तिला धीर धरवत नाही आणि ती एक अंडं फोडते. आतला मुलगा कमरेपर्यंतच घडलेला असतो. तो आईला शाप देतो, पण सूर्याचा सारथीही होतो. पहाटेची लाली ती त्याचीच. मार्तंडाची कथा पुराणात अशी येते की गरोदर अदिती कडक उपास करू लागते आणि ‘तू हे अंडं मारतेस की काय?’ असं कश्यप तिला चिडून विचारतो. त्या मरू घातलेल्या अंड्यातून जो तेजस्वी मुलगा जन्मतो, तो मार्तंड. जेजुरीच्या खंडोबाला आपण मल्हारी मार्तंड म्हणतो, रविवार त्याचा मानतो आणि भंडाऱ्यानं गडाच्या पायऱ्या पिवळ्या करतो. त्या पिवळेपणात सूर्य आहेच. पण नवजात मुलाला हे नाव देण्यात आणखी एक अर्थ भरलेला आहे: ज्याच्या जगण्याची खात्री नव्हती, तोच जगाला उजेड देणारा झाला. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलाच्या आईला अरुण किंवा मार्तंड याहून मोठा दिलासा कुठलं नाव देईल?

मैत्रीचं नातं इराणपर्यंत पोचतं. आपला वैदिक मित्र आणि इराणचा मिथ्र हे मुळात एकच दैवत. फारसीत त्याचं ‘मेहर’ झालं, आणि सूर्य, माया व वर्षाचा सातवा महिना असे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदू लागले. हाच शब्द संस्कृतात ‘मिहिर’ होऊन परतला आणि वराहमिहिराच्या नावात बसला. पारशी घरांत मेहेर आहे, इराणात मेहरदाद आहे, म्हणजे मेहरनं दिलेला. रोमशी झुंजलेल्या पाँटसच्या मिथ्रिदातिस राजाचं नावही त्याच घडणीचं. मराठी घरातला मिहिर आणि तेहरानमधला मेहरदाद हे नावानं एकमेकांचे जुने आप्त आहेत. तळपत्या प्रदेशांतल्या माणसांनी सूर्यात स्नेह पाहिला आणि तोच मुलांना दिला.

उत्तरेकडे सूर्य दुर्मीळ, म्हणून तिथे तो देणगी ठरतो. नॉर्वेतलं सुनिव्हा हे मुलीचं नाव मूळच्या जुन्या इंग्रजी नावावरून आलं. अर्थ सूर्याची भेट. सेल्या बेटावर आश्रय घेतलेल्या सुनिव्हा नावाच्या संत स्त्रीची आख्यायिका तिथे प्रसिद्ध आहे आणि तिचे अवशेष ११७० साली बर्गेनला नेले गेले. लिथुआनियात सूर्य ही देवीच आहे, साउले. हे मुलीचंही नाव, आणि मुलगा असेल तर साउल्युस. जपानमधलं हिनाता हे नाव मुलालाही ठेवतात, मुलीलाही. त्याचा अर्थ ऊन येणारी जागा. सूर्य होण्याची अपेक्षा बाळाकडून नाही. त्याच्या जवळ बसल्यावर ऊब मिळावी, एवढंच. महत्त्वाकांक्षेच्या काळात असं नाव निवडणं मला फार समंजस वाटतं.

आपल्याकडेही सूर्य मुलींकडे आला, पण वेगळ्या वाटेनं. सवितृ हा वेदातला पुरुषदेव, प्रेरणा देणारा, सगळ्याला चालना देणारा. त्याचं ‘सविता’ हे रूप आकारान्त, म्हणून मराठी कानाला ते मुलीचं वाटलं, आणि गावोगावच्या लेकी सविता झाल्या. व्याकरणाच्या आडवाटेनं एका देवाचं सामर्थ्य बायकांच्या वाट्याला आलं. सावित्री म्हणजे त्या सवितृची. गायत्री मंत्रालाही सावित्री म्हणतात, कारण तो सवितृलाच उद्देशून आहे. मुंजीत बटूला तो दिला जाई आणि तिथून त्याचं शिकणं सुरू होई. स्त्रियांना आणि शूद्रांना त्या मंत्राचा अधिकार नव्हता.

१८३१ साली नायगावच्या नेवसे-पाटलांच्या घरी मुलीचं नाव सावित्री ठेवलं, तेव्हा घरच्यांच्या मनात बहुधा वटपौर्णिमेची सावित्री असेल. ती मुलगी पुढे शिकली आणि १८४८ साली पती जोतीराव फुले यांच्याबरोबर पुण्यात मुलींची शाळा चालवू लागली. ज्या मंत्रानं शिक्षणाचं दार उघडायचं आणि ज्याचं दार तिच्यासारख्यांना बंद होतं, त्या मंत्राचंच नाव धारण केलेल्या बाईनं दार सगळ्यांसाठी उघडलं. प्रेरणा देणाऱ्या सूर्याचा असा अर्थ कुठल्याही भाष्यकारानं लावला नव्हता. तो सावित्रीबाईंनी जगून लावला. म्हणूनच जगभरच्या सूर्यनावांत मी सावित्रीला पहिलं स्थान देतो.