वैनगंगेच्या खोऱ्यांतील ‘बोपचे’ हें आडनांव : एका व्युत्पत्तीची परीक्षा

१. आडनांवांवरून जातींचा व घराण्यांचा इतिहास काढण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. ह्या हौसेपोटीं कांहीं मौल्यवान् माहिती हातीं लागली, तशींच कांहीं अनुमानें पुरेशा पुराव्याशिवाय रूढ होऊन बसलीं. एका ग्रंथकारानें एका ओळींत लिहावें, दुसऱ्यानें तें उतरून घ्यावें व तिसऱ्यानें त्यास सिद्ध गोष्ट मानावें, असा हा क्रम आहे. गोंदिया जिल्ह्यांतील पोवार समाजांत आढळणारें ‘बोपचे’ हें आडनांव याचें चांगलें उदाहरण होय. हें आडनांव महाराष्ट्राच्या इतर भागांत क्वचितच ऐकूं येतें. परंतु गोंदिया, भंडारा व त्यांस लागून असलेला बालाघाट ह्या प्रदेशांत तें परिचयाचें आहे. त्याच्या मूळाविषयीं आज जें सांगितलें जातें, तें मुख्यतः रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातीजमातींवरील ग्रंथावर उभें आहे. तेव्हां त्या ग्रंथांतील विधान प्रथम नीट मांडून मग त्याची परीक्षा करूं.

२. हा चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. मुख्य लेखक रसेल हे १९०१ च्या खानेसुमारीचे मध्यप्रांतांतील अधीक्षक होते. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच, डिसेंबर १९१५ मध्यें, ‘पर्शिया’ जहाज बुडालें त्यांत त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी हिरालाल हे शिलालेखांचे जाणते अभ्यासक होते. मध्यप्रांत व वऱ्हाड येथील कोरीव लेखांची त्यांनीं केलेली सूची आजही हाताशीं ठेवावी लागते. चौथ्या खंडांतील पोवारांवरील प्रकरणांत असें म्हटलें आहे कीं, वैनगंगेच्या पोवारांत छत्तीस कुळें असून एका कुळांत आपसांत लग्न होत नाहीं. त्यांपैकीं कांहीं नांवें राजपूत कुळांचीं, कांहीं गांवांवरून, कांहीं पदव्यांवरून व कांहीं इतर जातींवरून पडलेलीं आहेत. पदवीवाचक म्हणून चौधरी, पटलिया व सोनवानिया हीं दिलीं आहेत. आणि परजातिवाचक म्हणून बोपचा म्हणजे कोरकू, भोयर, पारधी, कोहली व सहारिया हीं सांगितलीं आहेत. ह्यावरून निष्कर्ष असा काढला आहे कीं, ह्या लोकांनीं नव्या प्रदेशांत इतर जातींशीं सढळपणें शरीरसंबंध केले.

३. ह्या विधानांत दोन निराळ्या गोष्टी एकत्र गोंवलेल्या आहेत. स्थलांतर करून आलेल्या समाजांत इतरांची भर पडली, ही एक. आणि ती भर अमुक आडनांवांवरून ओळखतां येते, ही दुसरी. पहिली गोष्ट स्वभावतः संभवनीय आहे व तीबद्दल कोणी राग मानण्याचें कारण नाहीं. वाद आहे तो दुसरीविषयीं. नांवाचें साम्य हा पुरावा नव्हे. तें फार तर पुराव्याच्या शोधाची दिशा दाखवितें. हिरालालांनीं शिलालेखांतील अक्षर न् अक्षर तपासून वाचलें. आडनांवांच्या बाबतींत मात्र त्यांच्या ग्रंथानें केवळ उच्चारसादृश्यावर समाधान मानलें.

४. प्रथम ग्रंथांतील अंतर्गत विसंगति पाहूं. ‘भोयर’ हें नांव परजातीच्या यादींत घातलें आहे. पण त्याच ग्रंथांत असेंही नमूद आहे कीं, बैतुलकडील भोयर व कोरकू हे दोघेही आपले पूर्वज धारचे पोवार असल्याचें सांगतात. भोयर जर मूळ पोवारांचीच शाखा असतील, तर पोवारांतील भोयर हें कुळनांव परजातीच्या मिश्रणाचा पुरावा होऊं शकत नाहीं. आणि तसें तें असेल, तर भोयरांची धारची कथा लेखकांनीं अग्राह्य ठरविली पाहिजे होती. दोन्ही विधानें एकत्र उभीं राहूं शकत नाहींत.

‘कोहली’ह्या नांवाची गोष्टही अशीच आहे. पोवारांच्या आजच्या छत्तीस कुळांच्या प्रचलित यादींत ‘कोल्हे’ असें कुळ आहे. तलाव बांधण्यांत प्रसिद्ध असलेली कोहळी जात ह्याच भागांतली असल्यामुळें रोमन लिपींत लिहिलेल्या नांवाचा अर्थ लावतांना ती चटकन् आठवणें साहजिक आहे. परंतु रोमन अक्षरांत एका ‘ह’ ची जागा बदलली कीं कोल्ह्याचा कोहळी होतो. देवनागरींत वा मोडींत लिहिलेला जुना दाखला पाहिल्याखेरीज येथें जातिसंकराचें अनुमान करणें धाडसाचें आहे. ‘पारधी’ हा शब्द तर ‘पारध’ ह्या मराठी शब्दावरून, म्हणजे प्राकृतांतील ‘पारद्धि’ व संस्कृतांतील ‘पापर्द्धि’ ह्यांवरून आला आहे. तो जातीचें नांव होण्यापूर्वीं कर्माचें नांव होता. शिकारींत प्रवीण अशा कोणाही पुरुषाच्या वंशास तें लागूं शकतें. ‘सोनवाने’ ह्याचा संबंध गोंडादि जमातींत दोषी माणसास सोन्याच्या पाण्यानें शुद्ध करणाऱ्या सोनवानी कुळाशीं लावला आहे. पण सोनवणे हें आडनांव खानदेश व नाशिक ह्या भागांत सर्वत्र पसरलेलें आहे. एकच ध्वनि अनेक मूळांपासून निघूं शकतो, हें ह्यावरून स्पष्ट व्हावें.

५. आतां मुख्य प्रश्न ‘बोपचे’ याचा. बोपची ही कोरकूंची एक शाखा होय, ह्यांत शंका नाहीं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत कोरकू ह्या नोंदीखालींच बोपची हें नांव छापलेलें आहे. परंतु कोरकूंची वस्ती मेळघाट, बैतुल व त्याला लागून असलेल्या पश्चिम सातपुड्यांत आहे आणि बोपची हें नांव वर्ध्याकडचें. वर्धा ते गोंदिया हें अंतर रेल्वेनें सुमारें २०० किलोमीटर भरतें, व मधल्या सर्व मुलखांत व खुद्द गोंदियांतही जी मोठी आदिवासी जमात आहे ती गोंडांची. सालेकसा, देवरी व अर्जुनी-मोरगांव ह्या तालुक्यांत पोवारांच्या शेजारीं पिढ्यान् पिढ्या गोंडच नांदत आले. शेजाऱ्यांशीं शरीरसंबंध होऊन कुळनांवें आलीं म्हणावें, तर मडावी, उईके, टेकाम, कुमरे अशांपैकीं एखादें तरी नांव छत्तीसांत दिसावयास हवें. प्रचलित यादींत त्यांपैकीं एकही नाहीं. दारच्या गोंडांचें नांव आलें नाहीं व दूरच्या कोरकूंच्या एका पोटशाखेचें तेवढें आलें, हें कसें घडलें याचा उलगडा रसेल-हिरालाल करीत नाहींत.

नांवाच्या रूपाकडेही लक्ष दिलें पाहिजे. बोपचे, पटले, कटरे, टेंभरे ह्या नांवांच्या अंतीं दिसणारा ‘ए’ हा मराठींतील आदरार्थी अनेकवचनाचा प्रत्यय आहे. १९१६ च्या ग्रंथांत बोपचा, पटलिया, सोनवानिया अशीं आकारान्त रूपें आहेत. पोवारी ही हिंदीच्या वळणाची पण मराठीची दाट छाया पडलेली बोली असल्यामुळें हें रूपांतर नैसर्गिक होय. तेव्हां ‘बोपचे’ म्हणजे बोप नांवाच्या गांवचे किंवा बोप नांवाच्या पुरुषाचे, अशी ‘चे’ ह्या षष्ठीप्रत्ययावर उभारलेली व्युत्पत्ति कोणी सुचविल्यास तीही टाकाऊच समजावी. ‘च’ हा येथें नांवाच्या अंगचा आहे, जोडलेला नव्हे.

६. रसेल-हिरालालांचें अनुमान ढिलें ठरलें म्हणून त्याच्या उलट टोंकाचें मत सिद्ध होतें असें मात्र नाहीं. समाजाभिमानी लेखक सर्व छत्तीस कुळें धारच्या परमारांचीं मानतात. परंतु त्याच यादींत चौहान, परिहार, बघेले व बिसेन हीं नांवें आहेत. चौहान व परिहार हीं परमारांहून स्वतंत्र राजपूत कुळें होत आणि बिसेन हें अयोध्या प्रांतांतील प्रसिद्ध कुळ. हे सर्व एका परमार पुरुषाचे वंशज असूं शकत नाहींत. शिवाय छत्तीस हा आंकडाही संशयास्पद आहे. राजपुतांचीं छत्तीस राजकुळें हा मध्ययुगीन चरित्रग्रंथांपासून टॉडपर्यंत चालत आलेला ठरीव संकेत आहे. ही यादी अनेक ठिकाणच्या घराण्यांनीं एका नांवाखालीं एकत्र येऊन पुढें संकेतानें बांधून घेतलेली असावी, असेंच तिच्या घडणीवरून दिसतें.

‘पटले’ ह्या नांवाचा मोह तर फारच मोठा आहे. माळव्याच्या परमारांच्या ताम्रपटांत ग्रामप्रमुखास ‘पट्टकिल’ असें संबोधिलेलें आढळतें व पाटील, पटेल, पटले हीं त्याचींच अपत्यें होत. पण हा शब्द पुढें सर्व दक्षिणेंत व गुजराथेंत पसरला. म्हणून पटले हे माळव्याचेच, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. जी कसोटी बोपच्यांना लावली तीच पटल्यांनाही लावली पाहिजे.

धार व नगरधन यांच्या परंपरेस मात्र कांहीं भक्कम आधार आहेत. नागपूरच्या संग्रहालयांतील विक्रम संवत् ११६१ म्हणजे इ. स. ११०४ च्या प्रशस्तींत माळव्याच्या परमारांची वंशावळ व लक्ष्मदेवाचा पराक्रम आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील डोंगरगांव येथील शके १०३४ चा लेख परमार जगद्देवाचा असून तो म. म. मिराशी यांनीं प्रसिद्ध केला. म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीं विदर्भांत परमारांचा वावर होता, हें निश्चित. त्यानंतर एकदम भोसल्यांचा काळ येतो. लॉरेन्स यांच्या १८६७ च्या भंडारा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालांत पोवारांची अशी हकीगत आहे कीं, चिमणाजी भोसल्याच्या कटकच्या स्वारींत केलेल्या साह्याबद्दल त्यांस वैनगंगेकाठच्या ओसाड व जंगली जमिनी मिळाल्या. ही स्वारी १७७९-८० सालची. अहवाल त्यानंतर सुमारें ८७ वर्षांनीं लिहिला गेला. नातवंडांच्या तोंडची स्मृति म्हणून तिला वजन आहे. परंतु जगद्देव व चिमणाजी यांच्यामधील साडेसहाशें वर्षें कोणत्याही आडनांवाच्या सादृश्यानें भरून निघत नाहींत.

७. परदेशांत हा विचार कसा चालतो तें पाहणें उपयुक्त आहे. इटलींत आडनांवांचे चार वर्ग मानतात : पित्याच्या नांवाचें, गांवाचें, धंद्याचें व शरीरलक्षणाचें. फेरारी हें लोहारकामावरून, रोमानो हें रोमवरून, रोसी हें तांबूस केसांवरून आलें. परंतु तेथेंही परराष्ट्रवाचक आडनांवें आहेत. टेडेस्को म्हणजे जर्मन. हें आडनांव इटलींतील अनेक यहुदी कुटुंबांचें आहे, कारण तीं जर्मन मुलखांतून आलीं. तीं जर्मन रक्ताचीं होतीं असें कोणी म्हणत नाहीं. म्हणजे लोकवाचक आडनांव हें जन्माप्रमाणेंच प्रवास, शेजार, व्यवहार वा थट्टा ह्यांपैकीं कशावरूनही पडूं शकतें. इटालियन अभ्यासकांस मोठी सोय अशी कीं, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहादिकांच्या नोंदी चर्चमध्यें ठेवण्याचा नियम केला. त्यामुळें एखाद्या दुर्मिळ आडनांवाचें पहिलें गांव पुष्कळदां दाखवितां येतें.

८. आपल्याकडे आडनांववार गणना खानेसुमारींत कधींच झाली नाहीं. जातवार तपशीलवार आंकडे १९३१ नंतर छापले गेले नाहींत. २०११ मध्यें गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. तींत बोपचे किती, हें त्या अहवालांतून निघणार नाहीं. गांववार मतदारयाद्यांतून घरांची मोजणी मात्र करतां येईल. ती माणसांची न करतां घरांची करावी, कारण विवाहानंतर स्त्रिया पतीचें आडनांव लावतात. कोरकूंशीं संबंध सांगणाऱ्यानें हें आडनांव पश्चिमेकडे दाट व पूर्वेकडे विरळ होत जातें, असें दाखविलें पाहिजे. घनता तिरोडा, गोरेगांव, आमगांव व वैनगंगेपलीकडील बालाघाट येथेंच एकवटलेली निघाली, तर तो संबंध जवळ जवळ निकालांत निघेल.

खरा निर्णय मात्र कागदच देतील. भोसलेकालीन मोडी दफ्तरें, बंदोबस्ताच्या वेळचे वाजिब-उल-अर्ज, मालगुजारांचीं लावणीपत्रकें, भाटांच्या वह्या आणि प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वंशवह्या ह्यांत ‘बोपचा’ हें रूप प्रथम कोठें व कोणत्या सालीं येतें, हें पाहिलें पाहिजे. हे कागद विखुरलेले आहेत. १८६७ मध्यें बालाघाट जिल्हा निराळा करतांना भंडाऱ्याचा कांहीं भाग त्यांत गेला. १९५६ मध्यें दोन जिल्हे दोन राज्यांत पडले. १ मे १९९९ रोजीं गोंदिया भंडाऱ्यापासून विभक्त झाला. १९५१ सालीं मालगुजारी हक्क नष्ट झाल्यावर तर खाजगी दफ्तरांस कवडीचीही किंमत उरली नाहीं व कित्येक रुमाल वाळवीच्या स्वाधीन झाले.

९. हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. पोवार आज इतर मागासवर्गांच्या यादींत आहेत व बोपची अनुसूचित जमातींच्या. २००० च्या जातप्रमाणपत्र कायद्यानंतर जुना कागद व जुना ग्रंथ हे पडताळणी समितीपुढें पुरावा म्हणून ठेवले जातात. अशा वेळीं १९१६ मधील एका ओळीवरून कोणाचा हक्क वाढूं नये कीं घटूंही नये. ज्याच्या संग्रहीं वैनगंगेकाठच्या गांवचें १८६७ पूर्वींचें एखादें लावणीपत्रक वा कुळांची यादी असेल, त्यानें ती नक्कल करून, तारीख, गांव व मूळ लिपी यांसह प्रसिद्ध करावी. एका अस्सल मोडी ओळीनें जेवढें सिद्ध होईल, तेवढें शंभर व्युत्पत्तींनीं होणार नाहीं.