दोन गाण्यांच्या मधला बेंजो

डिलाईल रोडच्या मिरवणुकीतल्या बेंजोचा विषय काढा, बोलणं दोन मिनिटांत डेसिबलवर येतं. आवाज मोठा असतो, मान्य. पण वाजवणारा काय वाजवतोय, हे कोण ऐकतं?

या बेंजोचं अमेरिकन बँजोशी फक्त नावाचं नातं. नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं, टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य केलं. आपल्याकडे त्याचं बुलबुलतरंग झालं आणि पिकअप बसल्यावर ते मिरवणुकीत शिरलं. डाव्या हाताने कळ, उजव्या हाताने तार. मींड जवळपास नाहीच, आणि सूर लांबवायचा तर तारेवर भराभर आघात करत राहायचं. ही अडचण नाचणाऱ्यांच्या मात्र पथ्यावर पडते, कारण प्रत्येक सूर ठोका घेऊनच येतो. म्हणून कोळीगीत बेंजोवर इतकं फुलतं: आखूड ओळी, डुलता ठेका, फिरून फिरून मुखडा. आळवायचं संथ गाणं घेतलं की तोच बेंजो कोरडा पडतो, आणि मग ऑक्टोपॅड ती पोकळी गोंगाटाने भरतो. तिथे माझी तक्रार आहे.

कॅनडातल्या क्विबेकचे फ्रेंच भाषक फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच, नाचाच्या चाली वाजवतात. वादक खुर्चीत बसून दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरतो. काही चालींत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. त्यांना तिथे ‘वाकड्या’च म्हणतात. तिथला थोर फिडलवादक ज्याँ कारिन्याँ माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवायचा. येहुदी मेनुहिन त्याच्यासोबत वाजवायला बसले होते. आपल्याकडे व्हिडिओखाली मंडळाचं नाव असतं, फार तर पार्टीचं. बोटं कुणाची, ते नाही. रवी जाधवांच्या ‘बँजो’ (२०१६) या सिनेमातही वादकाची किंमत कळायला न्यूयॉर्कहून कुणीतरी यावं लागतं.

क्विबेकमधल्या एका द्रुत चालीच्या प्रकाराला रील म्हणतात. आपल्या फोनवरच्या रीलने मात्र बेंजोचं नुकसानच केलंय. गाणं टिपेला पोचतं तेवढाच तुकडा तुम्ही बघता. खरी कारागिरी त्याच्यानंतर असते: एक मुखडा संपत आलाय, पुढचं गाणं वेगळ्या सुरावर आहे, ताशा थांबणार नाही आणि पुढे दोनशे पाय हवेत आहेत. वादक शेवटचा सूर घोटत राहतो, ढोलवाल्याकडे बघतो, आणि त्याच सुराला नव्या गाण्याचा पहिला सूर करून टाकतो.

नाचणाऱ्यांना गाणं बदललेलं दोन पावलांनंतर कळतं.