मनःस्वास्थ्याचे गृहोपयोगी यंत्र : एक चिकित्सा

घरबसल्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन नैराश्य दूर करणारी यंत्रे आता बाजारात आली आहेत. त्यांपैकी स्वीडनच्या फ्लो न्यूरोसायन्स या कंपनीच्या यंत्राला युरोपात वैद्यकीय साधन म्हणून विक्रीची मुभा २०१९ साली मिळाली. या यंत्रामागील पुरावा किती भक्कम आहे आणि तो कोणाला लागू पडतो, एवढेच दोन प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

प्रथम यंत्राचे कार्य पाहू. पट्ट्यासारखे हे साधन डोक्यावर चढविले की कपाळाच्या दोन बाजूंवरील ओल्या स्पंजांतून २ मिलिॲम्पिअरचा एकदिश प्रवाह अर्धा तास वाहतो. हा प्रवाह चेतापेशींना स्वतः उद्दीपित करीत नाही. उद्दीपित होण्याची त्यांची सज्जता तेवढी किंचित बदलतो. १९३८ साली रोममध्ये प्रथम योजलेल्या ‘शॉक’ उपचाराशी त्याची गल्लत करू नये. त्या उपचारात मुद्दाम आकडी आणली जाते. येथे रुग्ण पूर्ण जागा असतो.

आता पुराव्याकडे वळू. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२४ साली ब्रिटन व अमेरिकेतील १७४ नैराश्यग्रस्तांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दहा आठवडे खरा प्रवाह दिला गेला. उरलेल्यांना तेच यंत्र, परंतु आभासी प्रवाह. हॅमिल्टन मापनपट्टीवर पहिल्या गटाचे नैराश्य सरासरी ९.४१ गुणांनी उतरले, तर दुसऱ्याचे ७.१४ गुणांनी. अंतर सव्वादोन गुणांचे. ते संख्याशास्त्रदृष्ट्या ग्राह्य आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु प्रवाह न मिळालेल्यांनाही सात गुणांचा उतार पडला, याकडे दुर्लक्ष कसे करावे? नियमित विचारपूस, आशा, ठरलेला दिनक्रम आणि आजाराचा स्वाभाविक चढउतार यांचा वाटा त्यात असू शकतो. म्हणूनच “मी यंत्र लावले आणि मला बरे वाटले” हा अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी तो यंत्राच्या गुणाचे प्रमाण ठरत नाही.

आणखी दोन गोष्टी नोंदविणे प्राप्त आहे. या प्रयोगाचा खर्च यंत्र बनविणाऱ्या कंपनीनेच केला होता. तसेच खरा प्रवाह मिळालेल्यांपैकी बहुसंख्यांनी आपला गट अचूक ओळखला होता. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम पुरता वेगळा काढता येत नाही.

इतर प्रयोगांची साक्षही विरुद्ध जाते. जर्मनीत १६० रुग्णांना औषधांच्या जोडीने, तेही रुग्णालयांत, असाच प्रवाह देण्यात आला. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आभासी प्रवाहाहून अधिक लाभ दिसला नाही. ब्राझीलमधील २१० रुग्णांवरील घरगुती प्रयोगाचा २०२४ सालचा निष्कर्षही तसाच आहे. अशा परिस्थितीत हे तंत्र निरुपयोगी म्हणणे घाईचे होईल आणि सिद्ध झाले म्हणणे त्याहून घाईचे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ज्या प्रयोगात लाभ दिसला, त्यातील रुग्णांचे निदान रीतसर झालेले होते, आत्महत्येचा मोठा धोका असलेल्यांना वगळले होते आणि उपचारावर दूरदृश्य भेटींतून देखरेख होती. हा पुरावा ‘प्रसन्न मन’ वा ‘सर्वांगीण स्वास्थ्य’ यांच्या नावाखाली निरोगी ग्राहकाला यंत्र विकण्यासाठी वापरणे म्हणजे तर्काची उडी होय. बेकारी, अवहेलना किंवा घरातील छळ यांतून मनावर मळभ आले असेल, तर कपाळावरच्या स्पंजाने ते कारण हटत नाही. तो भार माणसाच्या मेंदूतील दोष म्हणून दाखविला गेला, तर अन्याय दुहेरी होतो.

धोके मोठे नाहीत, पण आहेत. त्वचा लाल होणे, डोके दुखणे, स्पंज कोरडा राहिल्यास भाजणे, हे त्यांतले काही. खरा धोका मात्र वेगळाच आहे. यंत्राच्या भरवशावर एखादा रुग्ण चालू गोळ्या परस्पर बंद करील, किंवा मरणाचे विचार येत असताना घरात एकटा बसून आठवडे मोजीत राहील.

म्हणून आमचे मत असे : निदान झालेल्या रुग्णाने मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, औषधे न थांबविता हे साधन वापरून पाहण्यास हरकत नाही. केवळ मन प्रसन्न राहावे म्हणून पैसे खर्चण्याजोगा आधार आज उपलब्ध नाही. मरणाचे विचार येत असतील, तर यंत्राचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. २०२२ पासून भारतात ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, हेही वाचकांनी आपल्या वस्तीत सांगावे.