सही कुठे आहे?

बँकेत निम्मा जन्म सह्या पडताळण्यात गेला. त्यामुळे चित्रासमोर उभा राहिलो की माझी नजर आधी खालच्या कोपऱ्यात जाते. तरीही मंडळींच्या हट्टापायी दौंडहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी मुंबईत काळा घोडा गाठला.

१९५२ सालच्या जहांगीर आर्ट गॅलरीत डोक्यावर घागरी घेतलेल्या खेडवळ सुंदऱ्या भिंतभर होत्या. एकीच्याही कपाळावर घाम नाही! शिरूरकडे उन्हाळ्यात टँकरपुढे ताटकळणाऱ्या बायका या चित्रकारानं पाहिलेल्या दिसत नाहीत. रंग अस्सल, पाणी खोटं, असा शेरा मारून मी निघालो.

शेजारच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे. गृहस्थ शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट! म्हणजे कॉमर्सवाल्यालाही चित्र कळतं तर; माझी छाती उगीचच फुगली. तिथं वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र होतं. ना झाड, ना माणूस. रोलरनं रंग चढवायचा, सुरीनं खरवडायचा, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायची, अशी यांची रीत. २०१३ साली त्यांचं एक चित्र लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. हा आकडा मी दोनदा तपासला होता.

पण खरं सांगू? घागरीवालीनं गाव दाखवायचा आव आणला होता. यानं काहीच दाखवलं नाही, तरी पाय हलेना.

"अहो, पहाटे भीमेवर असंच धुकं असतं," मंडळी म्हणाली.

"त्यांना चित्रात वस्तूच नको असायची," असं सांगत मी सवयीनं सही शोधायला वाकलो.

"जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये."