सोंगाड्याचे हसू : निळू फुले यांच्या अभिनयाचा प्रवास

व्हॉडव्हिलमधून चित्रपटात गेलेले नट बहुधा आपले ठरलेले सोंग बरोबर घेऊन गेले. बस्टर कीटनचा निर्विकार चेहरा हे त्याचे परिचित उदाहरण. निळू फुले यांच्या बाबतीत मात्र सोंगाची दिशाच उलटली.

व्हॉडव्हिल आणि तमाशा यांचे साम्य सुट्या तुकड्यांच्या रचनेपुरते आहे. जयपूरच्या ब्रह्मपुरीतील भट्ट घराण्याचा ‘तमाशा’ नामसाधर्म्य असूनही रागाधारित गायनावर उभा आहे; मराठी तमाशातील बतावणी आणि वग यांचे बळ हजरजबाबीपणात आहे. तेथे सोंगाड्या सत्तेसमोर उभा राहून तिची टिंगल करतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नावारूपास आलेले फुले या परंपरेचे वारस होते. ‘एक गाव बारा भानगडी’ (1968) पासून चित्रपटाने त्यांना हळूहळू सत्तेच्याच आसनावर बसवले.

‘सामना’ (1974) मधील साखरसम्राट हिंदुराव या स्थित्यंतराचा उत्कर्षबिंदू होय. समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकणे, नेमका विराम घेणे, आवाज चढवण्याऐवजी उतरवणे ही बतावणीतील सवाल-जबाबाचीच साधने येथे दहशतीसाठी वापरली जातात. मास्तरांचा पाहुणचार करणारा हिंदुराव मारुती कांबळेविषयीच्या प्रश्नाने अस्वस्थ होतो, कारण त्याच्यामागे सहकारी कारखान्याची संपूर्ण व्यवस्था उभी आहे.

पुढील अनेक चित्रपटांनी ही व्यवस्था गाळून केवळ लंपट सरपंच उरवला. सत्तेचे राजकारण एका माणसाच्या वासनेत आटल्यामुळे प्रेक्षकाचा रागही व्यक्तीपुरता राहिला. ही हानी नटाच्या साचेबंदपणाइतकीच चित्रपटाच्या सामाजिक आकलनाची आहे.

या पार्श्वभूमीवर ‘सिंहासन’ (1979) मधील पत्रकार दिगू टिपणीस महत्त्वाचा ठरतो. दिगू सत्ताधारी नाही. तो सत्तेचा साक्षीदार आहे. सर्व डावपेच पाहून अखेरीस त्याचे भान सुटते आणि तो हसत सुटतो. सोंगाड्याच्या हसण्यामागे त्याला साथ देणारा फड आणि प्रेक्षक असतो. दिगूच्या हसण्याला कोणी साथी नाही. लोकनाट्यातील सामूहिक उपहास आधुनिक महानगरात एकाकी वेडाचे रूप घेतो. फुले यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन केवळ ‘खलनायक’ या संज्ञेने अपुरे ठरते, ते या हसण्यामुळे.